तळटीपेतले ढिगारे

जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने 2011 ते 2014 या काळात एक तक्ता पुन्हापुन्हा प्रसिद्ध केला. डाव्या रकान्यात इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांतल्या किनाऱ्यावरच्या नगरपालिका. त्यापुढे प्रत्येकीच्या हद्दीतल्या ढिगाऱ्याचे वजन, मग त्यातला किती माल तात्पुरत्या साठवणतळांवर पोहोचला त्याचा आकडा, आणि शेवटी किती टक्क्यांची विल्हेवाट लागली ते. 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर किनाऱ्यावर काय उरले, याची ही सरकारी खतावणी. इशिनोमाकी शहरापुढे सुरुवातीला सुमारे 61.6 लाख टन लिहिलेले होते. शहराच्या शंभर वर्षांच्या कचऱ्याएवढा हा ढिगारा आहे, असे तेव्हा सगळीकडे छापून आले.

तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप असे. तिचा आशय असा, की मंत्रालयाने उपग्रहचित्रांवरून पाणी शिरलेला प्रदेश ठरवला आणि त्या आधारे त्सुनामीने पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्याचा अंदाज काढला. म्हणजे हे वजन कोणी काट्यावर केलेले नव्हते. आकाशातून दिसलेल्या क्षेत्रातल्या घरांच्या संख्येला दर घरामागच्या टनांनी गुणून ते आले होते. वर्तमानपत्रांनी तक्ता उचलला. टीप तिथेच राहिली. पुढची दोन-तीन वर्षे जपानच्या राजकारणात आणि पॅसिफिकच्या पलीकडच्या किनाऱ्यांवर ढिगाऱ्यांवरून जो गोंधळ झाला, त्यातला बराचसा या टीपेवाचून झाला असे मला वाटते. म्हणून कागदपत्रे तारखेच्या क्रमाने लावून पाहायची.

पहिले कागद म्हणजे छायाचित्रे. जपानच्या भूस्थानिक माहिती प्राधिकरणाची विमाने 12 मार्चलाच किनाऱ्यावर उडू लागली. देशाचे अधिकृत नकाशे काढणे हे या संस्थेचे रोजचे काम. त्यामुळे तिच्या विमानांनी सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने, एकमेकांवर चढणाऱ्या चौकटींत किनारा टिपला, आणि ती चित्रे जनतेसाठी खुली केली. त्यांवर पाण्याची हद्द आखून संस्थेने जो हिशोब मांडला तो आजही प्रमाण मानला जातो: सहा प्रांतांतल्या 62 नगरपालिकांत मिळून 561 चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. मियागीत 327, फुकुशिमात 112, इवातेत अवघी 58. उरलेली आओमोरी, इबाराकी आणि चिबा या प्रांतांत.

इवातेचा आकडा डोळ्यांत भरतो. पाणी शिरलेली जमीन मियागीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी, पण विध्वंस तेवढ्या प्रमाणात कमी नव्हता. सेंदाईभोवतीचे मैदान सपाट आहे. तिथे पाणी भातखाचरांवरून मैलच्या मैल पसरले. इवातेचा किनारा डोंगरांच्या बेचक्यांतून समुद्रात उतरतो. गावे त्या बेचक्यांत ठासून भरलेली, आणि तिथे पाणी पसरण्याऐवजी उंच चढले. उपग्रहाला दोन्हीकडे पाण्याची कडा सारख्याच स्वच्छपणे दिसते. मात्र एका चौरस किलोमीटरमागे इथे भाताचे तूस निघणार की पाचशे घरांचे लाकूड, हे ती कडा सांगत नाही.

उपग्रहांपैकी सर्वांत जवळचा घरचाच होता. जपानच्या अंतराळ संस्थेचा, जाक्साचा, 'दाइची' 24 जानेवारी 2006 ला सुटला होता आणि आपले ठरलेले पाच वर्षांचे आयुष्य त्याने नुकतेच पुरे केले होते. त्यावर दोन प्रकाशीय कॅमेरे आणि एक रडार होते. रडारला ढग किंवा रात्र आड येत नाही. इतर देशांवर संकट आले की दाइचीची चित्रे त्यांना मिळत. आता आंतरराष्ट्रीय आपत्ती कराराखाली जपानसाठी इतर देशांचे उपग्रह वळले. दाइची स्वतः 12 मार्चपासून किनारा टिपत होता. सहा आठवडे त्याने हे काम केले. 22 एप्रिलला त्याची वीज अचानक घटली, उपकरणे बंद पडली, आणि 12 मेला जाक्साने त्याला निरोप दिला.

या सहा आठवड्यांतले एक काम समुद्रावरचे होते. त्सुनामी परतताना जे घेऊन गेली ते किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तरंगत होते: छपरे, वासे, बोटी, मत्स्यशेतीचे तराफे, किनाऱ्यावरच्या पाइन वृक्षांची खोडे. एकट्या रिकुझेनताकातात सुमारे 70,000 पाइनचे किनारी वन होते. त्यातले एक झाड उभे राहिले. हा सगळा माल पहिल्या दिवसांत विखुरला नव्हता, लांबलचक पट्ट्यांत एकत्र होता, म्हणून तो अवकाशातून दिसला. अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी जवळून काढलेल्या चित्रांत अख्खी घरे छपरापर्यंत बुडून वाहताना दिसतात. 13 मार्चला जपानी नौदलाच्या एका विनाशिकेने फुकुशिमाच्या किनाऱ्यापासून सुमारे 15 किलोमीटर आत एका साठ वर्षांच्या माणसाला उचलले. तो स्वतःच्याच घराच्या छपराच्या तुकड्यावर दोन दिवस तरंगत होता. उपग्रहचित्रात त्या पट्ट्यांचा रंग आसपासच्या पाण्याहून वेगळा दिसतो, एवढेच. त्यात काय आणि कोण आहे हे विमान किंवा जहाज जवळ गेल्यावरच कळते.

अमेरिकेची समुद्र व वातावरण संस्था, नोआ, पट्ट्यांचा मागोवा घेत होती. तिच्या नोंदींप्रमाणे 14 एप्रिलच्या सुमारास, म्हणजे महिन्याभरात, ते उपग्रहाला दिसेनासे झाले. वारा आणि लाटांनी ते फोडले, जड वस्तू बुडाल्या, हलक्या पांगल्या. समुद्रावर शंभर मीटरचा ढिगारा दिसतो. तोच माल शंभर किलोमीटरवर एकेका वाशाने पसरला की चित्राच्या एका बिंदूत एखाद-दुसरा वासा उरतो आणि लाटेच्या फेसात मिसळतो. इथून पुढे पाहणी संपली, गणिती प्रतिरूपांचा काळ सुरू झाला. नोआने नंतर अधिक बारकाईची उपग्रहचित्रेही मागवली. त्यांत मोठे सलग ढिगारे सापडले नाहीत. हे न सापडणेही पुरावाच होते, पण बातमीत त्याला जागा मिळणे कठीण.

कारण बातमीत तोवर दुसराच आकडा होता. 2011 च्या उन्हाळ्यात तीन प्रांतांतल्या एकूण ढिगाऱ्याचा अंदाज अडीच कोटी टनांच्या आसपास सांगितला जात होता. तो जमिनीवरचा हिशोब, टीपेतल्या पद्धतीने काढलेला. पॅसिफिकच्या पलीकडे पोहोचेपर्यंत तो समुद्रात तरंगणाऱ्या मालाचा आकडा झाला. हवाई विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय पॅसिफिक संशोधन केंद्राचे निकोलाय मॅक्सिमेन्को आणि यान हाफ्नर यांनी वाहत्या बोयांच्या नोंदींवरून ढिगाऱ्याचा मार्ग काढला. तो मार्ग पुढे बराच खरा ठरला, पण वजनाबाबत त्यांच्याकडेही 50 लाख ते 2 कोटी टन अशी सैल मर्यादाच होती. लोकांनी त्यातले वरचे टोक उचलले. 'टेक्सासएवढे कचऱ्याचे बेट अमेरिकेकडे येत आहे', अशी वर्णने सुरू झाली. प्रत्यक्षात सप्टेंबर 2011 मध्ये होनोलुलूहून व्लादिवोस्तोककडे जाणाऱ्या 'पल्लादा' या रशियन प्रशिक्षण जहाजाला मिडवेच्या पुढे जे भेटले ते असे: काही घरगुती वस्तू, त्यांत एक दूरचित्रवाणी संच आणि एक फ्रीज, आणि फुकुशिमाची नोंदणी असलेली एक छोटी मासेमारी होडी. बेट कुठेच नव्हते.

जपानी मंत्रालयाने समुद्रातल्या मालाचा स्वतंत्र हिशोब 9 मार्च 2012 रोजी, पहिल्या वर्षस्मरणाच्या दोन दिवस आधी जाहीर केला. हा कागद या साऱ्या प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे, असे माझे मत. त्यात घरे, वाहने, मासेमारी बोटी, मत्स्यशेतीची साधने, किनारी वने असा प्रकारवार हिशोब आहे. प्रत्येक प्रकारासाठी किती वाहून गेले, त्यातले किती बुडाले आणि किती तरंगले हे वेगळे मांडले आहे. तीन प्रांतांतून समुद्रात गेलेला माल सुमारे 50 लाख टन. त्यातला 70 टक्के, म्हणजे 35 लाख टन, किनाऱ्याजवळच तळाला बसला. तरंगत उरला तो सुमारे 15 लाख टन. मोटारी बुडणाऱ्यांत. लाकूड मुख्यतः तरंगणाऱ्यांत. अडीच कोटींवरून पंधरा लाखांवर येताना एकही चित्र बदलले नव्हते. फक्त 'हे घर पडले' आणि 'हे घर इथेच पडले' या दोन विधानांतला फरक कोणीतरी गांभीर्याने घेतला होता.

हा फरक समजून घ्यायला विमानातून काढलेल्या चित्राकडे पुन्हा पाहावे लागते. भूकंपात घर जिथे असते तिथेच कोसळते. चित्रात छप्पर असते किंवा नसते, आणि नसले तर ढिगारा त्याच चौकोनात असतो. त्सुनामीत उरतो तो नुसता पाया. वरचे लाकूड दोन किलोमीटर आत, शाळेच्या मैदानात, दुसऱ्या नगरपालिकेच्या हद्दीत किंवा समुद्राच्या तळाशी. उलट एखादे घर सरळ उभे दिसते, छप्पर शाबूत, पण खालच्या मजल्यावरून पाणी आरपार गेलेले असते. ते आकाशातून कळत नाही. त्यात सरळ खाली पाहणारा कॅमेरा उंची देत नाही. ढीग एक मीटरचा की सहा मीटरचा, हे ठरवायला एकाच जागेची दोन कोनांतली चित्रे किंवा लेझरची मोजणी लागते, आणि तेही ढीग एका जागी रचल्यावर. मार्च 2011 मध्ये ढीग रचलेला नव्हता, तो गावभर पसरलेला होता.

चिखलाचे तर आणखी अवघड. पाणी समुद्राचा गाळ शेतांवर सोडून गेले होते. त्याच्या वजनाचा पहिला अंदाज जपानच्या कचरा व्यवस्थापन अभ्यासकांच्या संस्थेने दिला: पाणी शिरलेले क्षेत्र गुणिले 2.5 ते 4 सेंटिमीटर जाडी गुणिले घनता. क्षेत्र चित्रातून आले, जाडी माणसांनी शेतात उतरून घेतली. उत्तर 1.3 कोटी ते 2.8 कोटी टन, खालच्या टोकाच्या दुपटीहून मोठे वरचे टोक, कारण जाडीतली दीड सेंटिमीटरची आणि घनतेतली शंका शेकडो चौरस किलोमीटरवर पसरली की तिचे कोट्यवधी टन होतात. अखेरीस 13 प्रांतांत मिळून जो गाळ उपसला गेला तो सुमारे 1.1 कोटी टन निघाला, अंदाजाच्या खालच्या टोकाच्याही खाली.

मग आले 21 मे 2012. मंत्रालयाने तीन प्रांतांचे आकडे सुधारून जाहीर केले. एकूण 2.25 कोटी टनांचे 1.88 कोटी टन झाले. सगळे आकडे एका दिशेने सरकले नाहीत, हे इथे लक्षात घेण्यासारखे. इवातेचे प्रमाण वाढून 52.5 लाख टन झाले. मियागीचे मात्र 1.57 कोटींवरून 1.15 कोटींवर, म्हणजे 42 लाख टनांनी उतरले. फुकुशिमात किरकोळ बदल. कारणे दिली आहेत: मियागीतून समुद्रात गेलेला माल धरला होता त्याहून जास्त होता, पाडावी लागतील असे वाटलेल्या कितीतरी घरांची मालकांनी दुरुस्ती करून घेतली, इवातेत ढिगाऱ्याशी माती मिसळलेली निघाली. तोवर साठवणतळांवर ढीग रचले गेले होते, त्यांची मोजणी करता येत होती. मार्चचा समुद्राचा कागद आणि मेचा जमिनीचा कागद शेजारी ठेवून वाचले की दिसते, की पहिल्या वर्षात एकाच लाकडाचा काही भाग दोन खात्यांत लिहिला गेला होता.

हा कागदी घोळ कागदावरच राहिला असता तर त्याचे एवढे काही नव्हते. पण या आकड्यांवर माणसे रस्त्यावर उतरली होती. तीन प्रांतांना एवढा ढिगारा झेपणार नाही, म्हणून तो इतर प्रांतांतल्या भट्ट्यांत जाळावा, असे धोरण सरकारने आखले होते. टोकियोने नोव्हेंबर 2011 मध्ये इवातेतल्या मियाकोचा माल घ्यायला सुरुवात केली. फुकुशिमा अणुकेंद्राच्या दुर्घटनेनंतर ढिगाऱ्यातून किरणोत्सर्ग पसरेल ही भीती देशभर होती. 22 मे 2012 ला इशिनोमाकीहून हजारेक किलोमीटर दूर किताक्युशूमध्ये चाचणीसाठी 80 टन ढिगारा आला, तेव्हा आंदोलकांनी ट्रक अडवले. मियागीचा आकडा 42 लाख टनांनी उतरल्याची घोषणा आदल्याच दिवशी झाली होती. कितीही तपासले तरी ही नुसती तारखांची जुळणी आहे, कारस्थान नव्हे. पण आंदोलकांना तसे पटवणे अवघड गेले असणार, आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. झेपेल त्यापेक्षा जास्त ढिगारा आहे म्हणून बांधलेल्या योजनेला 'किती' हेच ठाऊक नव्हते. पुढे पुनर्विचार होऊन ठरल्यापेक्षा कमीच माल बाहेर नेला गेला आणि भट्ट्या लवकर मोकळ्या झाल्या. किताक्युशूचे काम सप्टेंबर 2012 मध्ये सुरू झाले आणि ठरलेल्या मुदतीच्या वर्षभर आधी, मार्च 2013 अखेर संपले.

मार्च 2014 पर्यंत फुकुशिमाचा काही भाग वगळता सगळी विल्हेवाट लागली. अंतिम खतावणी 13 प्रांतांतल्या 239 नगरपालिकांची: ढिगारा सुमारे 2 कोटी टन, गाळ 1.1 कोटी टन. ढिगाऱ्यातला 80 टक्क्यांहून अधिक आणि गाळ जवळजवळ सगळा पुन्हा वापरात आला, बराचसा बंधारे आणि भराव यांत. या अनुभवातून एक नवा आकडा जन्मला. मंत्रालयाच्या 2014 च्या आपत्ती-कचरा मार्गदर्शिकेत पूर्ण पडलेल्या दर घरामागे 117 टन आणि अर्धवट पडलेल्या दर घरामागे 23 टन हे दर धरले आहेत. ते इथल्याच प्रत्यक्ष विल्हेवाटीवरून, उलट्या दिशेने काढलेले. म्हणजे पुढच्या आपत्तीत विमान घरे मोजील, आणि त्यांचे वजन 2011 च्या काट्यावरून येईल.

समुद्रातल्या 15 लाख टनांची खतावणी मात्र कधीच बंद झाली नाही. 20 मार्च 2012 ला कॅनडाच्या गस्ती विमानाला ब्रिटिश कोलंबियापुढच्या समुद्रात 'र्योउन मारू' ही भंगारात काढायची म्हणून हाचिनोहेत उभी असलेली नौका निर्मनुष्य तरंगताना दिसली. 5 एप्रिलला अमेरिकी तटरक्षक दलाने तोफा डागून ती अलास्काच्या आखातात बुडवली. 5 जूनला ओरेगनमधल्या न्यूपोर्टजवळ मिसावा बंदराचा सुमारे 20 मीटर लांबीचा तरंगता धक्का किनाऱ्याला लागला. मिसावातून असे चार धक्के सुटले होते. पाण्याच्या वर उंच डोके काढणाऱ्या वस्तूंना वारा ढकलतो, म्हणून त्या सरासरी अंदाजाच्या आधी पोहोचल्या. एवढे मोठे काँक्रीटचे धूड पंधरा महिने महासागरात होते आणि कोणत्याही उपग्रहाने त्याची खबर दिली नाही. ते किनाऱ्यावर फिरायला आलेल्या लोकांना सापडले. त्यावर जपानी किनाऱ्यावरचे जीव जिवंत होते. जेम्स कार्लटन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 'सायन्स'मध्ये दिलेल्या यादीत अशा ढिगाऱ्यावरून अमेरिकेला पोहोचलेल्या 289 जपानी जाती आहेत.

2012 च्या अखेरीस जपानने सफाईसाठी अमेरिकेला 50 लाख आणि कॅनडाला 10 लाख डॉलर देऊ केले. जपानच्याच पैशातून चाललेल्या संशोधनाचा भाग म्हणून 2015 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये हवाईच्या आठही मुख्य बेटांचा किनारा विमानातून टिपला गेला. या वेळी चित्रातला एक बिंदू जमिनीवरच्या सुमारे दोन सेंटिमीटरांचा होता. माणसांनी चित्रे चाळून कचऱ्याचे 20,658 तुकडे मोजले. त्यांतले 38 टक्के एकट्या निइहाऊ बेटावर होते. सर्वांत जास्त वस्तीच्या ओआहूवर 984, सगळ्यांत कमी. प्लास्टिक, जाळी, दोर, टायर, लाकूड असे प्रकार पाडता आले. राज्याच्या भूमी व निसर्गसंपत्ती विभागाने निष्कर्ष जाहीर करताना सांगितले, की यातला त्सुनामीशी जोडता येईल असा माल अगदी थोडा आहे.